आजीच्या नावाची बाटली

गेल्या अंकात ऑक्टोबर छाटणीबद्दल लिहिताना ओघात दोन परिच्छेद दक्षिण आफ्रिकेतल्या वाइन करणाऱ्या बायकांबद्दल लिहिले होते. छाटणीबद्दल तीन पत्रं आली, त्या दोन परिच्छेदांबद्दल एकोणीस. पुण्यातून आली, जुन्नर-मावळातून आली, एक थेट अकलूजहून आलं. म्हणून या महिन्यात हा एकच विषय. नव्या वाचकांसाठी सांगते : माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. गेली पंचवीसेक वर्षं पुण्याजवळच्या मांजरी गावात राहते आणि वायनऱ्यांना द्राक्षाची प्रत व आंबवण याबद्दल सल्ला देते. २०१२ साली एका हंगामात सहा आठवडे दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशजवळच्या एका वायनरीत काम केलं. पुढे जे सांगते आहे त्यातलं काही तिथे पाहिलेलं आहे, काही नंतर वाचून समजून घेतलेलं.

साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. सातबाऱ्यावर सासरे, मिस्टर आणि दीर. डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), विरळणी (घडातले जादा मणी काढणं), मजुरांची हजेरी, सगळं मी बघते. व्यापारी मात्र हिशोबाला ‘दादांना बोलवा’ म्हणतो. तुम्ही लिहिलेल्या आफ्रिकेतल्या बायकांना जमीन वडिलांकडून मिळाली असणार. आमच्यासारखीनं सुरुवात कुठून करायची?
– एक वाचक, ता. जुन्नर

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी तुमचा समज दूर करते. त्यांना जमीन मिळालेली नव्हती. उलट, त्यांच्या आज्या-पणज्यांकडून ती कायद्यानं काढून घेतलेली होती. दक्षिण आफ्रिकेत १९१३ साली असा कायदा झाला की काळ्या लोकांना देशातल्या जेमतेम सात टक्के जमिनीबाहेर कुठेही जमीन घेता येणार नाही. पुढे ते प्रमाण तेरा टक्क्यांपर्यंत वाढवलं, पण द्राक्षाचा सुपीक पट्टा गोऱ्यांच्याच हातात राहिला. तिथल्या बागांमध्ये काळ्या आणि मिश्रवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या राबल्या. बाटलीवर नाव मात्र मालकाच्या घराण्याचं.

आता न्त्सिकी बियेला यांचं ऐका. क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या माहलाबातिनी या खेडेगावात त्या वाढल्या. आई डर्बनला लोकांच्या घरी कामाला होती, म्हणून मुलीला आजीनं सांभाळलं. आजीचं नाव अस्लिना. शाळा संपल्यावर न्त्सिकी यांनीही वर्षभर घरकाम केलं. शिकायचं होतं केमिकल इंजिनीअरिंग. १९९९ मध्ये साउथ आफ्रिकन एअरवेजची शिष्यवृत्ती मिळाली ती नेमकी द्राक्षशेती आणि वाइननिर्मितीच्या शिक्षणासाठी. तोवर वाइन कधी चाखलेली नव्हती. स्टेलनबॉश विद्यापीठात शिकवायचे आफ्रिकान्स भाषेत आणि ती त्यांना येत नव्हती. तशात २००३ साली पदवी घेतली, २००४ मध्ये एका छोट्या वायनरीत वाइनमेकर म्हणून लागल्या, २००९ मध्ये त्यांच्या देशातला ‘वर्षातली सर्वोत्तम स्त्री वाइनमेकर’ हा सन्मान मिळवला. आणि २०१६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं ‘अस्लिना’.

ताई, कंपनी काढली तेव्हा त्यांच्या मालकीची द्राक्षबाग नव्हती. शेतकऱ्यांकडून द्राक्षं विकत घ्यायची, दुसऱ्याच्या वायनरीत जागा घेऊन वाइन करायची आणि बाटलीवर आपलं लेबल लावायचं, अशी ती सुरुवात. जमिनीत आणि यंत्रांत अडकवायला पैसा नव्हता, म्हणून जे होतं ते पणाला लावलं : द्राक्ष ओळखणारी जीभ आणि बारा वर्षांत मिळवलेलं नाव. तिकडे हा मार्ग बऱ्याच जणींनी धरला. बेरीन सॉल्स २००१ मध्ये हेमेल-एन-आर्ड खोऱ्यातल्या एका वाइन घराण्यात मुलं सांभाळायला आल्या. पुढे त्याच वायनरीच्या ऑफिसात काम शिकल्या आणि २०१५ च्या हंगामात स्वतःची पिनो न्वार वाइन काढली. नाव ठेवलं आपल्या गावाचं, ‘टेसेलार्सडाल’.

तेव्हा तुमच्यासाठी माझा सल्ला असा. सातबाऱ्याची वाट बघत बसू नका. आधी तुमच्या एकटीच्या नावानं व्यवसायाची नोंदणी करा आणि त्याच नावानं चालू खातं उघडा. मग घरच्याच बागेतला माल सासऱ्यांकडून रीतसर विकत घ्या. पावती करा, पैसे त्यांच्या खात्यावर टाका. निर्यातीच्या पॅकिंगमध्ये बाजूला काढलेले घड आणि सुटे मणी दरवर्षी मातीमोल जातात. तिथून सुरुवात करा. बेदाणा, रस, सिरप. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. ते दिवस पुरे झाल्याशिवाय एक मणीसुद्धा प्रक्रियेला घेऊ नका. आणि वाइनचं म्हणाल तर राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय घरात आंबवून विकणं हा गुन्हा आहे. त्या वाटेला जायचं असेल तर परवाना असलेल्या वायनरीशी करार करूनच.

पावतीचा आग्रह का धरते आहे, तेही सांगते. २००३ मध्ये मी सल्ल्याचं काम सुरू केलं तेव्हा पुण्यातल्या एका बँकेत चालू खातं उघडायला गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी माझा अर्ज वाचला, पदवीची प्रत उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “मिस्टरांना घेऊन या, मग बघू.” दुसऱ्या वेळी गेले तेव्हा म्हणाले, जागा मिस्टरांच्या नावावर आहे, त्यांचं संमतिपत्र आणा. ते नेलं. तिसऱ्या वेळी गेले तर साहेब रजेवर. चौथ्या वेळी मी सोबत एका वायनरीनं मला दिलेला सहा हजार रुपयांचा चेक घेऊन गेले. माझ्या व्यवसायाच्या नावानं काढलेला होता, तो दुसऱ्या कुठल्या खात्यात भरताच येणार नव्हता. तो चेक टेबलावर ठेवला आणि बसून राहिले. दुपारी दोनला खातं उघडलं. त्या दिवसापासून मला कळलं की ‘ही बाई काम करते’ असं दहा जणांनी सांगून जे होत नाही, ते तिच्या नावाच्या एका कागदानं होतं.

जमिनीचा विषयही सोडू नका, पण तो समांतर चालू द्या. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत तुमचा हक्क आहे. महाराष्ट्रानं तो १९९४ मध्ये दिला, देशभर २००५ मध्ये आला. सासरच्या जमिनीबद्दल मिस्टरांशी बोला. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत आपल्या राज्यात कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावलं. तुमच्या सासऱ्यांच्या वयाच्या माणसांना ते आठवत असेल. त्यांना विचारा.

आफ्रिकेत शेतीचं ८० टक्के काम बायका करतात असं व्याख्यानात ऐकलं. खरं का?
– कोथरूड, पुणे

हा आकडा फार फिरतो, पण त्याला आधार सापडत नाही. जागतिक बँकेच्या संशोधकांनी सहा देशांत घरोघरी नोंदी घेऊन पिकांवरच्या कामाचे तास मोजले. बायकांचा वाटा सरासरी ४० टक्के निघाला. नायजरमध्ये २४, युगांडात ५६. म्हणजे ‘आफ्रिका’ असं एकच काही नाही, हे पहिलं. दुसरं असं की अन्याय दाखवायला आकडा फुगवावा लागत नाही. आपल्याकडे २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहिवाटदार म्हणून नोंद असलेल्या बायका सुमारे १४ टक्के होत्या. विरळणीच्या दिवसांत कुठल्याही बागेत जाऊन मांडवाखाली किती बायका आहेत ते मोजा आणि या १४ शी ताडून बघा.

मी निवृत्त शिक्षिका. आमच्या गावात बायकांनी दारूचं दुकान बंद पाडलं, त्यात मीही होते. तुम्ही वाइन करणाऱ्या बायकांचं कौतुक करता, हे मला पटलं नाही. दारू पुरुषानं गाळली काय आणि बाईनं गाळली काय, संसार उद्ध्वस्तच होतात. यावर तुमचं म्हणणं काय?
– सदाशिव पेठ, पुणे

बाई, हा प्रश्न मी स्वतःला वीस वर्षं विचारते आहे. तुमच्यासारख्या बायकांनी मतपेटीतून बाटली आडवी केली, गावातल्या निम्म्याहून अधिक बायकांना मतदानाला बाहेर काढलं. हे किती अवघड असतं ते मी माझ्या मावशीच्या गावात पाहिलं आहे. त्या लढ्याला उणं ठरेल असं एक वाक्यही मला लिहायचं नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षपट्ट्यात तर हे दुःख आपल्यापेक्षा खोल आहे. तिथे ‘डॉप’ नावाची पद्धत होती. बागेतल्या मजुरांना मजुरीचा काही भाग हलक्या वाइनच्या रूपात द्यायचा, तोही दिवसातून अनेकदा, पहाटेपासून. माणूस व्यसनी झाला की बाग सोडून जात नाही, हा त्यातला हिशोब. कायद्यानं बंदी आल्यावरही ही पद्धत कितीतरी वर्षं चालूच राहिली. गर्भातल्या बाळावर दारूचे परिणाम होण्याचं प्रमाण जगात जिथे सर्वांत जास्त नोंदलं गेलं, त्यांत या भागातल्या वस्त्या आहेत. मी काम करत होते तिथे टाक्या धुणाऱ्या एका बाईनं मला सांगितलं होतं की तिचे वडील पगाराच्या दिवशी घरी पैसे कमी आणि वाइनचे मग जास्त आणायचे. त्या मगातली वाइन ज्या द्राक्षाची, ती तोडायला तीही जायची. वय नऊ.

आता दुसरी बाजू. तिथल्या झुलू समाजाच्या घरांत ज्वारी-मक्याला मोड आणून ‘उम्कोम्बोती’ नावाची सौम्य, आंबूस बिअर करतात. ती करणं हे बायकांचं काम, बायकांचं कौशल्य. मोड आलेली ज्वारी वाळवून भरडायची, शिजवायची, आंबवायची, गाळायची. सणाला, पाहुण्याला, पितरांना. खेड्यातून शहरात आलेल्या बाईला पोट भरायला हेच एक कसब हाताशी होतं. १९०८ च्या कायद्यानं नातालमधल्या नगरपालिकांना या बिअरचा मक्ता मिळाला. डर्बनच्या पालिकेनं स्वतःच्या बिअरशाळा उघडल्या. बाईनं घरी केली तर गुन्हा, पालिकेनं विकली तर महसूल. आणि त्याच महसुलातून काळ्या लोकांवर नियंत्रण ठेवणारं खातं चालायचं. १९५९ च्या जूनमध्ये डर्बनजवळच्या केटो मॅनर वस्तीत पोलिसांनी घरोघरची बिअर ओतून दिली, तेव्हा बायका काठ्या घेऊन निघाल्या आणि त्यांनी पालिकेच्या बिअरशाळाच बंद पाडल्या. बाई, त्यांची मागणी ऐका : आमच्या नवऱ्यांचा पगार तुमच्या गुत्त्यात जातो, आणि आमच्या चुलीवरची कमाई तुम्ही बंद करता.

मला या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात. दारूनं संसार मोडतो हे खरं. आणि दारूच्या धंद्यात बायकांच्या वाट्याला फक्त मोडलेला संसार आला, त्यातला नफा, ज्ञान आणि निर्णय नेहमी दुसऱ्याच्या हातात राहिले, हेही खरं. कार्मेन स्टीव्हन्स यांना वर्णभेदाच्या काळात वर्णामुळे वाइनच्या कॉलेजात प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी अर्ज करणं सोडलं नाही आणि १९९५ मध्ये त्याच कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. २०१९ मध्ये त्यांनी स्वतःची वायनरी घेतली. ज्या उद्योगानं आपल्या माणसांना मगातून मजुरी दिली, त्याच्या टाकीची किल्ली आपल्या हातात घ्यायची, याला मी कमी लेखू शकत नाही.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. गावठाणाजवळ स्वस्त विक्रीचं दुकान काढायचं असेल तर मी सल्ला देत नाही, कितीही फी मिळो. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवण्याचा निर्णय आपल्या मंत्रिमंडळानं घेतला आणि त्यावर वादळ उठलं, तेव्हाही मी विरोधाच्याच बाजूनं पत्र लिहिलं होतं, आणि माझं काही काम त्यामुळे गेलं. तुम्हाला माझं म्हणणं पटावं असा आग्रह नाही. पण तुमच्या गावच्या त्या लढ्याबद्दल सविस्तर लिहून पाठवलंत तर मी ते याच जागेत छापेन.

मी कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. वाइन टेस्टिंग शिकायचं आहे. पण पुस्तकातले गूजबेरी, ब्लॅककरंट, एल्डरफ्लॉवर हे वास मी कधीच घेतलेले नाहीत. वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुली पटापट बोलतात, मी गप्प बसते. माझ्या नाकात काही कमी आहे का?
– शिवाजीनगर, पुणे

अगं, तुझ्या नाकात काही कमी नाही. कमी आहे ती पुस्तकात. ज्यानं ते पुस्तक लिहिलं त्याच्या परसात गूजबेरी होती, तुझ्या परसात नव्हती, एवढंच.

स्टेलनबॉशला दुसऱ्या आठवड्यात आम्हाला सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा नमुना दिला. गोरा प्रमुख म्हणाला, गूजबेरी. माझ्या शेजारी त्यांच्या लिम्पोपो प्रांतातली एक मुलगी होती. तिनं ग्लास फिरवला, डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, मारुला. ते तिच्याकडचं रानफळ. मला मात्र मघापासून आमच्या विहिरीजवळचा पेरू आठवत होता, पाडाला आलेला, देठाशी अजून हिरवा. मी तसं म्हटलं. प्रमुख दोन क्षण थांबला आणि मग त्यानं फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले. पुढचे चार आठवडे आम्ही दोघींनी एक वही ठेवली. डाव्या बाजूला पुस्तकातला शब्द, मग तिचा, मग माझा.

यात भावनेचा भाग नाही, शास्त्र आहे. त्या वाइनमधली पेरूची आठवण ज्या गंधद्रव्यांमुळे येते, ती खरोखर पेरूतही असतात. त्याच द्राक्षात हिरवट वास येतो तो पायराझीन वर्गातल्या द्रव्यांचा, आणि ढोबळी मिरची कापल्यावर येणारा वास त्यांचाच. शिराझ द्राक्षाच्या वाइनमध्ये मिरीचा झणका येतो त्याचं कारण रोटंडोन हे गंधद्रव्य. ते मिऱ्यांत असतं तसंच शिराझच्या सालीत असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिलं. शार्डने या पांढऱ्या वाइनला लोण्याचा वास का येतो? आंबवण झाल्यावर काही वाइनमध्ये लॅक्टिक जिवाणू काम करतात, आणि त्यात जे डायअसिटील तयार होतं तेच आपल्या घरच्या लोण्याला वास देतं. विरजण लागलं का, हे तू झाकण उघडून नुसत्या वासावर सांगू शकतेस ना? मग ही परीक्षा तू बालपणापासून देते आहेस.

रोज सकाळी एक वास घेऊन लिही. मंडईत जा. करवंद, जांभूळ, कच्ची कैरी, चिंच, ओली हळद, गूळ, भिजलेलं गोणपाट, पहिल्या पावसानंतरची माती. दोन महिन्यांनी वही भरली की मग ग्लास हातात घे. वर्गात आधी मराठी शब्द बोल, मग कारण सांग. पेरू म्हणालीस आणि त्यामागचं गंधद्रव्य सांगितलंस तर कुणी तुला गप्प करू शकत नाही. पुढच्या शिक्षणासाठी लांब जायची गरज नाही. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, दोन्ही आमच्या मांजरीत आहेत. येशील तेव्हा मला कळव, माझी ती जुनी वही दाखवीन.

आपल्याकडे आणि तिकडे, दोन्हीकडे तोडणी जानेवारी ते मार्चच. मग हवामान सारखं आहे का?
– द्राक्ष बागायतदार, इंदापूर

महिने सारखे, ऋतू उलटे. तिकडे तो उन्हाळ्याचा शेवट असतो, आपल्याकडे हिवाळ्याचा. केपमध्ये, म्हणजे स्टेलनबॉशच्या त्या भागात, पाऊस थंडीत पडतो आणि वेल झोपतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये एकच छाटणी पुरते. आपला वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन छाटण्या करून आपण त्याला वळण लावतो. उन्हाळ्यात तिकडे आग्नेयेकडून जोरदार वारा सुटतो. त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात, कारण तो केप टाउनची दूषित हवा उडवून नेतो अशी समजूत होती. बागेतही त्यानं पानं कोरडी राहतात आणि रोग कमी येतात. गोडी छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं तुम्ही रात्री टॉर्च घेऊन बागेत फिरता. ती धास्ती त्यांना आपल्याइतकी नाही. द्राक्षाची जात मात्र एक समान आहे : शेनीन ब्लां. दक्षिण आफ्रिकेत सर्वांत जास्त लागवड तिचीच आणि आपल्याकडच्या वायनऱ्यांतही ती भरपूर. वाइनच्या द्राक्षाला डिपिंग-विरळणीचा खर्च नसतो, पण मोठ्या मण्याचा मोह सोडावा लागतो. तिथे मणी बारीक, जाड सालीचा आणि बियांचाच हवा. आणि लागवडीआधी वायनरीशी लेखी करार. कराराशिवाय बाग लावू नका, आपल्या भागात पूर्वी कितीतरी जण त्यात पोळले आहेत.

आमचा अकरा बायकांचा बचत गट आहे. डोंगरात करवंद, जांभूळ, आंबा भरपूर. हंगामात करवंद डोक्यावर पाटीत नेऊन रस्त्याला द्रोणात विकतो. संध्याकाळपर्यंत उरली की फेकून द्यावी लागतात. काय करता येईल? आणि त्याला नाव काय द्यावं?
– एक बचत गट, मुळशी तालुका

तुमचं पत्र आलं त्याला करवंदाचा डाग होता. जपून ठेवलं आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना आणि बुर्किना फासो या देशांत शिया नावाचं झाड रानात वाढतं. फळ धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, त्यामुळे लागवड फारशी होत नाही. जे आहे ते रानचंच. पावसाच्या दिवसांत बायका पहाटे डोक्यावर घमेली घेऊन ती फळं वेचतात. बिया उकडून, वाळवून, फोडून, भाजून, दळून, पाण्यात हातानं फेटून त्यातून लोणी काढतात. ताक घुसळतात तसंच, फक्त रवीऐवजी हात. नुसती वाळवलेली बी विकली तर हातात थोडं येतं आणि बाकीचं पुढच्यांना. ज्या गटांनी एकत्र येऊन लोणी काढलं, ते कुणाला किती द्यायचं हे स्वतः ठरवू लागले, त्यांचा भाव सुधारला. तिकडे नायजेरियात अफियाँग विल्यम्स यांनी २०१२ मध्ये ‘रीलफ्रूट’ कंपनी काढली. आंबा, अननस, नारळ वाळवून छोट्या पुड्यांत विकायचं, एवढ्यावर. नासणारं फळ टिकाऊ केलं की घाई विकणाऱ्याची राहत नाही.

तुमच्या बाबतीत पहिलं वर्ष फक्त एक पदार्थ करा. माझ्या मते करवंदाचं सिरप. करवंदाचा रंग आणि आंबटपणा इतका पक्का असतो की त्यात वरून काही घालावं लागत नाही, आणि उन्हाळ्यात पुण्यात सरबताला गिऱ्हाईक आहेच. जांभूळ दुसऱ्या वर्षी. त्याच्या बिया वाळवून पूड होते तीही खपते. आंब्याच्या नादी लागू नका, त्यात स्पर्धा फार. वाइन तर अजिबात नको. परवाना, जागा, यंत्रं यांत गट बुडेल.

पैशांसाठी जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात जाऊन ‘पीएमएफएमई’ योजना विचारा. केंद्र सरकारनं २०२० मध्ये ती लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी सुरू केली. योजना सुरू झाली तेव्हाच्या नियमांनुसार कर्ज घेऊन उभारलेल्या प्रकल्पाच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, आणि बचत गटातल्या प्रत्येक सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल. सध्या अर्ज घेताहेत का ते आधी विचारा. जाताना दोघीजणी जा, आणि गटाचं ठरावबुक व पासबुक सोबत न्या. ‘सचिवांना पाठवा’ म्हणाले तर सचिव तुम्हीच आहात हे ठरावबुक उघडून दाखवा. अन्न परवान्याची नोंदणी ऑनलाइन होते, कॉलेजला जाणारी एखादी मुलगी बसून करून देईल. डिसेंबरात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते. पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका, नुसतं फिरून या. कोण किती मिलीची बाटली ठेवतं, झाकण कसलं, भाव काय, हे लिहून आणा.

नावाबद्दल. लेबलवर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, पत्ता आणि परवाना क्रमांक हे हवंच. त्याच्या वर मोठ्या अक्षरात जे नाव लिहाल ते डोंगराचं, गावाचं किंवा माणसाचं असू दे, ‘श्री’ आणि ‘इंडस्ट्रीज’ यांच्या गर्दीत हरवणारं नको. तुम्ही पत्रात लिहिलं आहे की करवंदाच्या जाळ्या कुठे लवकर पिकतात हे फक्त सखूआजीला माहीत आहे आणि सगळ्या तिच्याच मागून जातात. आजीला विचारा, तिची हरकत नसेल तर तिचंच नाव लावा.

करवंदं एप्रिलअखेर काळी पडायला लागतील. पहिल्या आठवड्यातली पाच किलो बाजूला ठेवा आणि मला कळवा. मी शनिवारी सकाळच्या एसटीनं येते, साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर आणि थर्मामीटर घेऊन येते. चूल तुमची, पातेलं स्टीलचं असू दे. ॲल्युमिनियमचं नको, करवंदाच्या आंबटपणानं ते खराब होतं.